विषय येणं आणि विषय शिकवणं: इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायचं असेल तर



यंदा गणपतीच्या कार्यक्रमात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत आम्हा दोघींना एकाच संध्याकाळी दोन प्रश्न विचारले गेले. पहिला एका वडिलांचा. मुलगी युनिव्हर्सिटीत फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मार्क उत्तम आहेत, आणि आता म्हणते की बँक नको, आयटी नको, मला शाळेत शिकवायचंय. "तुम्ही दोघी त्यातल्याच. तिला जरा समजावून सांगा," असं ते म्हणाले. काय समजवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं. दुसरा प्रश्न साताऱ्याहून आलेल्या एका वहिनींचा. त्यांनी तिकडे सहा वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं आहे, आणि इथे आल्यापासून त्या एका दुकानात काउंटरवर आहेत. "माझं बी.एड. बॅगेत तसंच पडून आहे. त्याचं इथे काही होतं का हो?"

हातात प्रसादाची वाटी धरून या दोन्ही प्रश्नांना धड उत्तर देता येईना. म्हणून हा लेख.

आम्ही दोघी म्हणजे कोण ते आधी सांगतो. आमच्यातल्या थोरलीने कोल्हापूरला बी.एड. केलं, आठ वर्षं विज्ञान शिकवलं, २००४ साली इकडे आली आणि चार वर्षांनी पुन्हा विद्यार्थिनी होऊन इथलं शिक्षक-प्रशिक्षण घेतलं. धाकटी लेस्टरमध्येच वाढली, गणितात पदवी घेतली आणि मग शिक्षिका झाली. दोघी सरकारी शाळांत शिकवतो. पुढचं बहुतेक सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडचं निराळं आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी दोन शब्दांचा घोळ सोडवू या. क्यूटीएस आणि पीजीसीई हे एकच असं पुष्कळांना वाटतं. क्यूटीएस म्हणजे शिक्षक म्हणून मिळणारा दर्जा, तो शिक्षण खात्याकडून मिळतो आणि बऱ्याच सरकारी शाळांमध्ये कायमस्वरूपी शिकवायला तो लागतो. पीजीसीई ही युनिव्हर्सिटीची पदव्युत्तर पातळीची एक वर्षाची पात्रता. नुसता क्यूटीएस शाळांच्या गटामार्फत मिळवता येतो. युनिव्हर्सिटीतून गेलात तर सहसा दोन्ही एकदम मिळतात, आणि वर मास्टर्सचे ६० क्रेडिट हाताशी राहतात. पूर्ण मास्टर्स १८० क्रेडिटचं, म्हणजे एक तृतीयांश काम झालेलं असतं. पुढेमागे परदेशातल्या शाळेत जायचं मनात असेल तर पीजीसीई जवळ असलेलं बरं, एवढं आम्ही सगळ्यांना सांगतो.

प्रवेशासाठी पदवी हवी, आणि जीसीएसईला इंग्रजी व गणितात किमान ग्रेड चार किंवा तोडीचं काही हवं. दहावी महाराष्ट्रात झालेल्यांना पदवीची आणि शाळेची सर्टिफिकेटं यूके एनिककडून तपासून घ्यायला सांगतात (२०२१ पूर्वी याचंच नाव नॅरिक होतं). इंग्रजीसाठी अनेक युनिव्हर्सिट्या वेगळी समकक्षता परीक्षा घेतात. मराठी माध्यमातल्या मंडळींनी याला घाबरू नये, पण शेवटच्या महिन्यावरही ठेवू नये. मुलांमध्ये काम करायचं असल्यामुळे पोलिसांकडची तपासणी होते, आणि भारतात राहिलेल्यांना बऱ्याचदा तिथलं पोलीस क्लिअरन्सही मागतात.

आता मूळ मुद्द्याकडे. थोरलीच्या पीजीसीईच्या मुलाखतीत तिला एकच प्रश्न विषयाचा विचारला होता. "बल्बमधून गेल्यावर वीज संपते असं मुलांना का वाटतं?" तिने ओहमचा नियम सांगितला, सूत्र सांगितलं, एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे सारखीच असते हे आकृती काढून दाखवलं. समोरच्या बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, हे सगळं बरोबर आहे, पण मी विचारलं ते निराळं होतं. मुलांना *का* वाटतं?

आठ वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ती घरी येऊन रडली होती, हे लेखात घालायला तिची हरकत नाही.

इथलं माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षण विषयवार चालतं ते या "का" साठी. गणितवाले गणिताच्या ट्यूटरकडे, फिजिक्सवाले फिजिक्सच्या, इतिहासवाले इतिहासाच्या. सगळ्यांना एकत्र बसवून शिक्षणाचं मानसशास्त्र शिकवणं असतं, पण त्याला वेळ थोडा. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली मांडलं की विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याचं सर्वसाधारण कसब दुसरं, आणि *हा विषय शिकवण्याचं* ज्ञान हे तिसरंच. तो विषय मुलाच्या डोक्यात कुठे अडकतो, कोणत्या उदाहरणाने सुटतो, कोणत्या उदाहरणाने आणखी अडकतो, हे सगळं त्यात येतं. इंग्लंडमध्ये त्याच्या आधीच कामं झाली होती. लंडनच्या चेल्सी कॉलेजातल्या मंडळींनी सत्तरच्या दशकात ११ ते १६ वयाच्या मुलांच्या गणितातल्या चुका हजारोंनी गोळा केल्या आणि १९८१ साली पुस्तकरूपाने मांडल्या. लीड्सच्या रोझलिंड ड्रायव्हर यांनी विज्ञानात तेच केलं. या लोकांनी दाखवलं की मुलं चुकतात ती वाटेल तशी चुकत नाहीत. चुकीलाही तर्क असतो.

तो बल्बच घ्या. घरी आपण काय म्हणतो? "लाइट जाळू नका, बिल येतं." टॉर्चचा सेल "संपतो". मग मुलाला वाटतं की वीज बल्बमध्ये खर्च होते आणि उरलेली पुढे जाते. दोन सारखे बल्ब एकसर जोडून विचारा की दुसरा कसा पेटेल. अर्धा वर्ग म्हणतो, मंद. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच पेटतात. मग अॅमीटर बल्बच्या अलीकडे लावा, पलीकडे लावा, आकडा तोच. एका मुलाने शांतपणे सांगितलं, "मिस, तुमचं मीटर बिघडलंय." अशा मुलाला पुन्हा सूत्र सांगून उपयोग नसतो. सायकलच्या साखळीचं उदाहरण द्यायचं की गरम पाण्याच्या पाइपचं, दोन्हींत काय खोट आहे, आणि ऊर्जा व विद्युतधारा हे दोन शब्द कोणत्या तासाला वेगळे करायचे, हे शिकण्यात पीजीसीईचे दोन आठवडे गेले होते.

गणिताचं उदाहरण धाकटीचं. ०.३५ मोठा की ०.८? बाराव्या वर्षाची पुष्कळ मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. इंग्रजीत आपण "पॉइंट एट" म्हणतो, त्यात त्या आठाची जागा कुठेच ऐकू येत नाही. मराठी शाळेत आपण काय म्हणायचो? "शून्य पूर्णांक आठ दशांश." म्हणजे दहातले आठ. शब्दातच उत्तर! धाकटीला हे थोरलीकडून कळलं, तेव्हापासून ती तिच्या वर्गात आठवडाभर "एट टेन्थ्स" असंच म्हणायला लावते. पोरं कंटाळतात, पण चूक कमी होते.

पण मराठीच नेहमी सरस असं मात्र नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "त्रेसष्ट"च्या जोडीला "साठ तीन" असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. व्हॉट्सअॅपवर विनोद फिरले, विधानसभेतही टिंगल झाली. आमच्या घरच्या ग्रुपवर "मराठी बुडवली" वगैरे झालं. पण प्रश्न अगदी खरा होता. "त्रेसष्ट" ऐकताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी, म्हणून सहा-सात वर्षांचं मूल ३६ लिहून मोकळं होतं. शिवाय जोडाक्षरं. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर हेच समजावून सांगत होत्या. त्यांचा उपाय पटो न पटो (आम्हा दोघींतही एकमत नाही, थोरलीला "त्रेसष्ट" जायला नको आहे), ती चर्चा म्हणजे विषयवार शिक्षणशास्त्र काय असतं याचा धडाच होता. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आजी मराठीत फोन नंबर सांगते तेव्हा काय गोंधळ होतो ते आठवा, म्हणजे पटेल.

वर्षाचा क्रम साधारण असा. सप्टेंबरात युनिव्हर्सिटी, ऑक्टोबरपासून शाळा, मधूनमधून पुन्हा युनिव्हर्सिटी. किमान १२० दिवस शाळेत काढावे लागतात, तेही निदान दोन वेगवेगळ्या शाळांत. बी.एड. झालेल्यांनी यावरून आपला छात्रसेवाकाल आठवावा, फक्त कितीतरी लांब. पाठटाचण इथेही आहे. फरक असा की प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन हे रकाने नीट भरले म्हणून इथे कोणी खूश होत नाही. मेंटर विचारतात, या तासाला कोणती चूक होईल असं तुला वाटतं आणि ती झाली तर काय करशील? हा रकाना थोरलीच्या कोल्हापूरच्या टाचणात नव्हता. उलट फळ्यावरचं लेखन, आवाज, पन्नास मुलांवर एकाच वेळी नजर ठेवणं हे तिने तिकडून आणलं, आणि त्यावर इथले मेंटर थक्क झाले होते. तेव्हा बी.एड. वाया जात नाही बरं का.

आता साताऱ्याच्या वहिनींच्या प्रश्नाकडे. थोरलीच्या वेळी भारतातल्या बी.एड.वर थेट क्यूटीएस मिळत नसे. परदेशी प्रशिक्षित शिक्षकांना चार वर्षं क्यूटीएसशिवाय शिकवता यायचं, तेवढीच सवलत. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडच्या शिक्षण खात्याने दार उघडलं: भारतासह आणखी काही देशांतल्या पात्र शिक्षकांना आता थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो. अट अशी की भारतासारख्या देशांतल्या अर्जदारांनी ११ ते १६ या वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता घेतलेली असावी. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण, त्यानंतरचा शिकवण्याचा अनुभव आणि इंग्रजी हे सगळं तपासतात. बी.एड.ला आपण "माझी मेथड गणित-विज्ञान" म्हणतो ना, ती मेथड इथे कामाला येते, म्हणून ती कागदावर स्पष्ट दिसली पाहिजे. मेथड मराठी-इतिहास असेल, किंवा डी.एड. करून प्राथमिकला शिकवलं असेल, तर हा रस्ता बहुधा लागू होत नाही आणि पीजीसीईचाच विचार करावा लागतो.

मात्र क्यूटीएसचा कागद आला म्हणून उद्या वर्ग घेता येईल असं समजू नका. आमचा आग्रहाचा सल्ला असा की आधी सहा महिने तरी जवळच्या शाळेत टीचिंग असिस्टंट किंवा विज्ञानाच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम करा. पगार कमी आहे. पण इथली मुलं शिक्षकांशी कशी बोलतात, शिस्तीची पद्धत काय आहे, "सिट डाउन" चारदा म्हटल्यावर पाचव्यांदा काय करायचं, हे पुस्तकात नाही. थोरलीने आधी सुपरमार्केटच्या टिलवर आणि मग दोन वर्षं असिस्टंट म्हणून काम केलं. पहिल्या आठवड्यात एका मुलाने तिच्या उच्चाराची नक्कल केली. दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलाला तिने अपूर्णांक समजावून दिले. नक्कल पुढेही करत राहिला, पण बसायचा तिच्याच शेजारी.

आता पैशाचं. वडिलांच्या चेहऱ्यावर होता तो प्रश्न मुख्यतः हाच. २०२५-२६ साठी इथल्या रहिवासी विद्यार्थ्यांना पीजीसीईची कमाल फी ९,५३५ पौंड, आणि त्यासाठी स्टुडंट लोन मिळतं. ज्या विषयांचे शिक्षक मिळत नाहीत त्यांना सरकार उलट पैसे देतं. त्याच वर्षी गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि कॉम्प्युटिंगला २९,००० पौंडांची बर्सरी होती, निवडक उमेदवारांना ३१,००० ची स्कॉलरशिप. जीवशास्त्र, भूगोल आणि परकीय भाषांना २६,०००. इतिहासाला काही नव्हतं. या रकमेवर कर नाही आणि ती परतही करायची नाही. हे आकडे दरवर्षी बदलतात, कधी एका वर्षात निम्मे होतात, तेव्हा अर्ज करायच्या वर्षीचा तक्ता सरकारी संकेतस्थळावर पाहूनच हिशोब करा. व्हिसावर असलेल्यांनी फी आणि बर्सरी दोन्हींची पात्रता आधी युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्यावी.

एवढे पैसे का देतात? कारण माणसं मिळत नाहीत. २०२३-२४ मध्ये फिजिक्सच्या प्रशिक्षणाला सरकारने जेवढे विद्यार्थी हवेत म्हटलं होतं त्याच्या सुमारे १७ टक्केच आले. त्या मुलीला नोकरी मिळेल का, ही काळजी वडिलांनी सोडून द्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या शिक्षकाचा पगार लंडनबाहेर ३२,९१६ पौंडांपासून आणि मध्य लंडनमध्ये ४०,३१७ पासून सुरू होत होता. बँकेत ती याहून जास्त मिळवेल, हे खरं आहे. पेन्शन मात्र शिक्षकांची अजून निश्चित लाभाची आहे, जी खासगी नोकरीत आता जवळजवळ दिसत नाही. आपल्याकडे बी.एड. झाल्यावरही शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढलेली माणसं प्रत्येकाच्या नात्यात आहेत, त्यामुळे "शिक्षक" म्हटलं की आईवडिलांना तीच आठवतात. इथलं गणित तसं नाही.

पण जे कठीण आहे तेही लिहायला हवं. इंग्लंडमध्ये नवे शिक्षक पहिल्या पाच वर्षांत साधारण एक तृतीयांश गळतात. कारणं आम्हाला रोज दिसतात: वह्या, डेटा, पालकांच्या इमेल, रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पसरलेली तयारी. २०२१ पासून नव्या शिक्षकांना एकाऐवजी दोन वर्षांचा इंडक्शनचा काळ आहे, पहिल्या वर्षी तास १० टक्के कमी, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, आणि मेंटर. मेंटर चांगला मिळाला तर माणूस टिकतो. म्हणून शाळा निवडताना इमारत बघू नका, त्या विषयाच्या विभागात किती जण पाच वर्षांहून जास्त टिकले आहेत ते विचारा. आणखी एक गोम अशी की क्यूटीएसवर विषय लिहिलेला नसतो, त्यामुळे शाळा फिजिक्सच्या शिक्षिकेला जीवशास्त्राचे किंवा गणिताचे तास देऊ शकते. धाकटीला पहिल्या वर्षी भूगोल दिला होता. नद्यांचा धडा तिने आदल्या रात्री वाचून शिकवला, हे त्या शाळेच्या कानावर न गेलेलं बरं.

स्कॉटलंडमध्ये हे चालत नाही. तिथे एक वर्षाचं पीजीडीई करायचं आणि जनरल टीचिंग कौन्सिलकडे *विषयात* नोंदणी करायची. पदवीत त्या विषयाचे पुरेसे क्रेडिट नसतील तर तो विषय मिळत नाही. ग्लासगो-एडिंबराकडच्या मंडळींनी इंग्लंडचे नियम गृहीत धरू नयेत.

वर्गाबाहेरच्या वाटाही बऱ्याच आहेत, पण जवळजवळ सगळ्या वर्गातूनच जातात. विभागप्रमुख, वर्षप्रमुख, विशेष गरजा असलेल्या मुलांचे समन्वयक या शाळेतल्या. परीक्षा मंडळांसाठी पेपर तपासणं हे उन्हाळ्यातलं जोडकाम, कंटाळवाणं, पण मुलं कुठे चुकतात हे शिकायला यासारखं दुसरं नाही. पाठ्यपुस्तकं, संग्रहालयांतले शिक्षण विभाग, आखातातल्या आणि मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळा इथेही अशी माणसं लागतात. भारतात परतून अनुदानित शाळेत जायचं असेल तर तिथली पात्रता आणि परीक्षा वेगळ्या, त्यात पीजीसीई पुरेसं धरू नका. आणि ज्यांना त्या "का"चं वेड लागतं ते मास्टर्स, मग संशोधन करून युनिव्हर्सिटीत पुढच्या शिक्षकांना शिकवायला जातात. थोरलीच्या मुलाखतीतल्या त्या बाई अशाच, आधी बारा वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलेल्या. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच प्रकारचं काम करत आहे, आपल्या मुलांना सुट्टीत तिकडे नेलंत तर एरवीच्या खरेदीपेक्षा बरं.

त्या मुलीशी आमचं बोलणं झालं. समजावलं काहीच नाही. तिला धाकटीच्या शाळेत चार दिवस मागे बसून तास बघायला बोलावलं आहे. कोणालाही अशी विनंती शाळांना करता येते, आणि अर्ज लिहिण्याआधी ती करावीच. वडिलांना आम्ही एवढंच म्हटलं की ती परत आल्यावर काय सांगते ते ऐका.

दिवाळीच्या कार्यक्रमात नाश्त्याच्या टेबलाशेजारी आम्ही दोघी दुपारी तासभर बसणार आहोत. ज्यांना अर्जाचं विचारायचं आहे त्यांनी कागद घेऊन यावेत: दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवी, बी.एड.ची मार्कशीट ज्यावर मेथडचे विषय छापलेले आहेत ती, आणि शाळेचं अनुभवाचं पत्र, त्यात कोणत्या इयत्तांना काय शिकवलं ते लिहिलेलं. वहिनी मंडळींसाठी एक खास सूचना. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि अनुभवपत्रावर तिसरंच काही असेल, तर लग्नाचं सर्टिफिकेट आणि नावबदलाचं गॅझेट गावाहून आत्ताच मागवून ठेवा. थोरलीचे त्यात चार महिने गेले होते.